मुलींच्या अर्जाला मुलींच्याच नावे उत्तर द्या

गोव्यातील सर्व ग्रामपंचायतींच्या सरपंच, उपसरपंच व पंच सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय पंचायत मंडळी,

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त झाले आहे, पण शाळेतल्या मुलींचं घरी येणं-जाणं सुरूच असतं. कुणाला वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तपासून हवं असतं, कुणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट सारखी मनात येते. ती तुमच्या कानावर घालायला हवी, म्हणून हे पत्र. शिक्षण खात्याला किंवा मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण या कामाला मोठा निधी लागत नाही. पंचायतीचं आवक-जावक रजिस्टर आणि दोन-तीन महिन्यांतून तुमचा एखादा तास पुरतो.

मागणं असं आहे: गावातल्या शाळकरी मुलींना पंचायतीकडे गावाच्या कामाबद्दल विचारू द्या, आणि त्यांनी विचारलं की त्यांनाच, त्यांच्या नावे, लेखी उत्तर द्या.

मुलींना धीट करायचं म्हणून आपण बरंच काही करतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची वेशभूषा होते, ८ मार्चला व्याख्यान होतं, वर्षभर वक्तृत्व स्पर्धा चालतात. मी स्वतः कित्येक मुलींकडून भाषणं बसवून घेतली आहेत आणि त्याचा उपयोग होतो यात शंका नाही. आवाज मोकळा होतो, चार लोकांसमोर उभं राहायची भीती जाते. पण स्पर्धेच्या मंचावर मुलगी जे बोलते, त्यावर समोरच्या कुणालाच काही करावं लागत नाही. टाळ्या वाजतात, ढाल मिळते, मुलगी खाली उतरते. तिने पाण्याबद्दल कळकळीने सांगितलेलं असतं, पण नळ तसाच कोरडा असतो आणि तो का कोरडा आहे हे सांगायला कुणी बांधील नसतं. अशाने मुलगी बोलायला शिकते, काम करून घ्यायला शिकत नाही. पुढारीपण दुसऱ्या गोष्टीत आहे.

एक प्रसंग सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही गावात घडू शकलं असतं.

नववीच्या काही मुली बसस्टॉपवरून आपल्या वाड्यावर चालत जायच्या. रस्ता कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेने जाणारा. कार्तिक-मार्गशीर्षात दिवस लवकर मावळतो आणि त्या वाटेवरचे तीन दिवे बंद होते. स्कूटरवरून जाणाऱ्यांना ते जाणवायचं नाही, त्यांच्यापुढे हेडलाइट असतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मी पंचायतीची कामं शिकवत होते, तेव्हा एकीने विचारलं, “बाई, मग आमच्या वाटेवरच्या दिव्यांचं आम्ही सांगायचं कुणाला?” मी म्हटलं, अर्ज लिहा.

पहिला मसुदा निबंधासारखा झाला होता. अंधार, भीती, स्त्रीची सुरक्षितता, सगळं त्यात होतं, पण दिवे कुठले ते नव्हतं. मी त्यांना खांबांवर रंगवलेले नंबर टिपून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर तीन नंबर आले, सोबत दिवे साधारण कधीपासून बंद आहेत ते, आणि त्या वाटेने रोज किती जणी जातात त्याचा आकडाही. हा आकडा त्यांनी आपणहून, वाड्यावर घरोघर जाऊन विचारून काढला होता. अर्ज अर्ध्या पानाचा झाला. त्याच्या दोन प्रती केल्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून परत आणा, असं मी त्यांना बजावलं.

पंचायतीत टेबलावरच्या कारकुनाने अर्ज वाचला, हसून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “बापायक धाड गो बाय.” म्हणजे वडिलांना पाठव. तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण मुलीची अडचण सोपी करतो आहोत. मुली जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यातली सगळ्यात अबोल मुलगी म्हणाली, “अर्ज आमचा आहे, सह्या आमच्या आहेत. ह्या दुसऱ्या कागदावर शिक्का पाहिजे.” आवाज ऐकून पंचायत सचिव आतून बाहेर आले, त्यांनी अर्ज वाचला आणि शिक्का मारला. आवक क्रमांक, तारीख, सही. तो कागद मुलींनी शाळेत आणला तेव्हा वर्गात हातोहात फिरला. ढालीपेक्षा तो कागद त्यांना मोठा वाटत होता हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे दिवे लागले. पंचायतीने काम केलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण उत्तर कसं आलं ते ऐका. एका मुलीचे वडील बाजारात भेटले तेव्हा पंचाने त्यांना सांगितलं, “तुज्या चलयेक सांग, लायटी घाल्यात.” म्हणजे तुझ्या मुलीला सांग, दिवे लावलेत. लेखी काही आलं नाही. ज्यांनी खांबांचे नंबर टिपले, घरोघर विचारलं, टेबलासमोर उभं राहून शिक्का घेतला, त्यांना पंचायतीने उत्तर दिलंच नाही. उत्तर वडिलांना मिळालं. काम झालं, पण कुणाशी बोलायचं आणि कुणाला वगळायचं हा धडाही त्याच वेळी दिला गेला.

म्हणून मी लेखी उत्तरावर अडून बसते आहे. आत्मविश्वास आधी येतो आणि मग माणूस बोलतो, असं आपण धरून चालतो. मुलींच्या बाबतीत मी उलटं पाहिलं आहे. घाबरत घाबरत विचारतात, कुणीतरी गंभीरपणे उत्तर देतं, आणि मग पुढच्या वेळी पाय कापत नाहीत. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालतं. “हा रस्ता पंचायतीचा नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे, तुमचा अर्ज आम्ही तिकडे पाठवला आहे” असं एका ओळीचं पत्र आलं, तर त्या मुलीला राज्यकारभाराचं जे कळेल ते माझ्या महिनाभराच्या शिकवण्यातून कळणार नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ग्रामसभेचं सदस्य व्हायला मतदार यादीत नाव लागतं, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण हवीत. बरोबर आहे. पण गाऱ्हाणं मांडायला तशी अट नाही. संविधानाच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपलं गाऱ्हाणं सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि तेही केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत. त्या कलमात मतदार म्हटलेलं नाही, व्यक्ती म्हटलं आहे. आणि चौदा वर्षांची मुलगी ही व्यक्तीच आहे.

मुलांची वेगळी सभा घेणं हेही नवीन नाही. आपल्या शेजारी, घाट चढून गेलं की लागणाऱ्या कर्नाटकात, ‘मक्कळ ग्रामसभा’ म्हणजे मुलांची ग्रामसभा भरते. राज्य सरकारने २००६ मध्येच पंचायतींना तसं कळवलं होतं. केंद्राचं पंचायती राज मंत्रालयही बालसभा आणि महिलासभा भरवायला सांगतं. चोर्ला घाटाच्या पलीकडे जे जमतं, ते अलीकडे जमायला काय हरकत आहे?

आता गोव्याची गोष्ट. आपल्याकडे मुली शिकत नाहीत अशी तक्रार करायला जागा नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या स्त्रियांची साक्षरता ८४ टक्क्यांच्या वर होती. दहावी-बारावीच्या निकालांत मुली मागे नसतात. वारशात मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा नागरी कायदा आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून आहे. आणि आपला इतिहास बघा. १९५५ मध्ये पोर्तुगीज पोलिसांच्या नाकासमोर म्हापशात गोवा काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्ष सुधाताई जोशी होत्या, आणि त्यासाठी त्या तुरुंगात गेल्या. त्याच वर्षापासून मुक्तीपर्यंत जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १९७३ ते १९७९ या काळात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. देशातल्या कित्येक मोठ्या राज्यांनी तोपर्यंत महिला मुख्यमंत्री पाहिली नव्हती.

आणि त्यानंतर? ताईंनंतर गोव्याला महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. लोकसभेत गोव्यातून आजवर एकच महिला निवडून गेली, १९८० मध्ये संयोगिता राणे. २०२२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या ४० जागांपैकी ३ जागांवर महिला आल्या, आणि तिघींचेही पती त्याच सभागृहात निवडून आले. या तिघींची योग्यता मी कमी लेखत नाही. मी एवढंच विचारते की ज्या मुलीच्या घरात आमदार नाही, पंच नाही, तिने ही वाट कुठून धरायची? २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या आहेत. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाली की ते लागू होईल. म्हणजे आजच्याच ४० जागा धरल्या तरी तेरा-चौदा मतदारसंघांत महिला उमेदवार शोधाव्या लागतील. त्या दिवशी पक्षांनी पुन्हा नेत्यांच्या घरातच शोधाशोध करू नये, असं वाटत असेल तर तयारी आता नववीत असलेल्या मुलींची करायला हवी, आणि ती गावातच होईल.

गावातच का, याला पुरावा आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावांत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तो करणाऱ्यांत पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लोही होत्या. तिथे कुठल्या पंचायतीचं प्रधानपद, म्हणजे आपलं सरपंचपद, महिलेसाठी राखीव होणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे गावागावांची तुलना नीट करता आली. ज्या गावांत लागोपाठ दोन निवडणुका प्रधानपद महिलेकडे राहिलं, तिथे ११ ते १५ वर्षांच्या मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधलं अंतर, राखीव न झालेल्या गावांच्या मानाने, ३२ टक्क्यांनी कमी झालं होतं. शिक्षणातलं अंतर तर उरलंच नाही. मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला होता. त्या गावांत मुलींसाठी काही नव्या नोकऱ्या आल्या होत्या असं नाही. गावाचा कारभार एक बाई चालवते हे त्यांना वर्षानुवर्षं समोर दिसत होतं, आईबापांनाही दिसत होतं.

महिला सरपंच आणि महिला पंचांनो, म्हणून हे पत्र तुम्हाला जरा जास्त आहे. गावातल्या मुली तुमच्याकडे बघतात. तुमच्या खुर्चीच्या बाजूला दुसरी खुर्ची टाकून यजमान बसले आणि विचारलेल्याचं उत्तर त्यांनी दिलं, तर तेही त्या बघतात. ग्रामसभेत कुणी आवाज चढवला तर “सचिवांना विचारा” म्हणून हात झटकू नका. माहिती नसेल तर “पुढच्या बैठकीत सांगते” म्हणा आणि खरंच सांगा. आणि तुमचा वॉर्ड पुढच्या पाळीला खुला झाला तर लगेच माघार घेऊ नका. बंगालमध्ये हा बदल दिसला तो दुसऱ्या पाळीनंतर. यजमानांनाही हात जोडून सांगते, मीटिंगच्या दिवशी घरी थांबा. खुद्द केंद्राने नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये, बायकांच्या नावावर कारभार हाकणाऱ्या नवऱ्यांना जबर दंड करावा अशी शिफारस केली आहे. गोष्ट दंडापर्यंत जायला नको.

बाईने पुढे होणं आपल्या मातीला परकं आहे, असं कुणी मला सांगितलं तर मी त्याला पौषात धालोच्या मांडावर, म्हणजे बायकांच्या त्या नाच-गाण्याच्या जागी, लांब उभा राहूनच, बघायला सांगेन. सत्तरी, डिचोली, पेडण्यात ज्यांनी धालो पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. मांड बायकांचा. जाणती बाई दिवा लावते, नारळ ठेवते, गावच्या आणि रानातल्या देवांना हाक मारते. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि मांड मोडेपर्यंत रोज रात्री सगळा कारभार बायकाच बघतात. कोण कुठल्या रांगेत, आज कुठली गीतं, भांडण झालं तर कुणी कुणाची समजूत घालायची, सगळं तिथल्या तिथे ठरतं. आठ-दहा वर्षांच्या पोरी आईचा पदर धरून रांगेत येतात आणि चार-पाच वर्षांत रांग ओढायला लागतात. त्यांना कुणी नेतृत्वाचं शिबिर घेऊन शिकवलेलं नसतं. आणि याच बायका रविवारी ग्रामसभेला आल्या की मागच्या बाकावर, दाराजवळ बसतात, आणि विचारायचं असेल ते शेजारणीच्या कानात विचारतात. सभा आपली आहे असं त्यांना कधी कुणी वाटू दिलेलं नसतं. आंदोलनात त्या पुढे असतात. २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत, आयआयटी प्रकल्पाच्या विरोधात, पोलिसांसमोर बायका कशा उभ्या राहिल्या ते सगळ्या गोव्याने पाहिलं. पण गावोगावी समितीत नावं घालायची वेळ आली की अध्यक्ष, सचिव, खजिनदार पुरुष, आणि शेवटी दोन ‘महिला सदस्य’.  कॉलेजातही विद्यार्थी मंडळात मुलग्याने जीएस (जनरल सेक्रेटरी) व्हायचं आणि मुलीने लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, अशी मनातली वाटणी अजून पुष्कळ ठिकाणी आहे. मुलींची संख्या जास्त असलेल्या कॉलेजातसुद्धा.

तेव्हा करायचं काय, ते सांगते. वर्षातून निदान चार वेळा, ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात, शाळेतल्या मुलांची सभा पंचायतीच्या सभागृहात भरवा. मुलगेही असू द्यात, त्यांनाही मुलीच्या अध्यक्षतेखाली बसायची सवय व्हायला हवी. अध्यक्ष मुलगी असावी आणि ती शिक्षकांनी न निवडता मुलांनी निवडावी. शिक्षक निवडतात ती बहुधा पहिल्या नंबरची असते, आणि माझा अनुभव आहे की काम करून घेणारी मुलगी बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या बाकावर असते. सभा शाळेच्या वेळेत घ्या. हे बारीक वाटेल, पण यावरच सगळं अडतं. बालरथ, म्हणजे शाळेची बस, ठरल्या वेळी सुटतो, पुढची कदंब बस तासाने असते किंवा नसतेच. मुलगे कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून घरी जातात, मुली सभेला थांबू शकत नाहीत. संध्याकाळी ठेवलेल्या सभेत मुली येत नाहीत म्हणून त्यांना आवड नाही असं ठरवू नका, बसचं टाइमटेबल बघा.

सभेत आलेलं म्हणणं लिहून घ्या, मुलीचं नाव घालून. तिचं म्हणणं पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि काय ठरलं ते पंचायतीच्या कागदावर, सहीशिक्क्याने तिला कळवा. मराठीत लिहिलं असेल तर मराठीत कळवा, कोंकणीत असेल तर कोंकणीत.

जमलं तर थोडे पैसेही त्यांच्या हाती सोपवा. गावच्या वाचनालयासाठी किंवा शाळेच्या मैदानासाठी वर्षाला पाच-दहा हजार रुपये कुठे खर्च करायचे ते या सभेला ठरवू द्या. दोन-तीन दुकानांतून कोटेशन त्यांनी आणावं, बिल त्यांनी तपासावं, हिशेब त्यांनी सगळ्यांसमोर वाचावा. पैशाचा हिशेब मांडता येणारी मुलगी पुढे कुणाच्या सांगण्यावरून कागदावर डोळे झाकून सही करणार नाही. हे मी उगाच म्हणत नाही. वारशात समान हक्क असूनही, भावाच्या शब्दाखातर सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन हक्क सोडून देणाऱ्या आणि त्या कागदात काय लिहिलं होतं हे आजही सांगू न शकणाऱ्या शिकलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. कुणाला हक्क सोडायचा असेल तर तिने जरूर सोडावा. तो समजून सोडावा.

मुली उद्धट होतील, अशी भीती मला पालकांनी आणि एक-दोन पंचांनीही बोलून दाखवली आहे. दिव्यांचा अर्ज लिहिणाऱ्या मुलींमध्ये मला उद्धटपणा दिसला नाही. त्या नम्रपणे उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत, इतकंच. राजकारण शाळेत येईल, ही दुसरी शंका. पंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही. नळ, दिवे, कचरा, शाळेसमोरचा गतिरोधक यांत पक्ष आणायचा की नाही हे मोठ्यांच्या हातात आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत २०२७ मध्ये संपते. तेव्हा नवी बॉडी येईल, नवं बघतील, म्हणून हे पुढे ढकलू नका. मुलांच्या दोन सभा जरी या मुदतीत झाल्या आणि त्यांचं इतिवृत्त दप्तरी राहिलं, तर पुढच्या पंचांना ते मोडणं जड जाईल.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस काढाल तेव्हाच गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक पत्र पाठवा. मुलांना सभेची माहिती द्यायला, अर्ज कसा लिहायचा ते शिकवायला निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत, त्यांना बोलवा, ते नाही म्हणणार नाहीत. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही पंचायतीने बोलावलं तर मी येईन. अर्जाचा आणि उत्तराच्या पत्राचा नमुना मी मराठीत करून ठेवला आहे, दोन्ही अर्ध्या पानाचे आहेत.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त शिक्षिका